काळा फ्यूज

माझ्या नवऱ्याला इंजिनातलं सगळं कळतं आणि माणसांतलं काही म्हणजे काही कळत नाही. हे मी लग्नानंतर आठवड्याभरातच ओळखलं होतं. तरीही त्या सकाळी त्याने जो उद्योग करून ठेवला होता, तो ऐकून मी हातातलं फडकं काउंटरवर आपटलं.

गॅरेजचं शटर नुकतंच वर गेलं होतं. तो माझ्याजवळ आला, शर्टाचा वरचा खिसा थोपटला आणि कॉपी करून पास झालेल्या पोरासारखा हसत म्हणाला, "ताईचं काम सोपं करून ठेवलंय."

"कसलं काम?"

"ड्रायव्हिंगवाल्या मास्तरांची गाडी आलीय ना, उद्याच्या तपासणीची. तिच्या मागच्या वायपरचा फ्यूज काढला आणि त्या जागी जळका बसवला. ताईला सांगतो, मागचा वायपर चालत नाही, बघ जरा. ती फ्यूज काढून बघेल, जळका दिसेल, नवा घालेल, वायपर चालेल. बाबा समोरच बसलेले असतील. विषय संपला."

"आणि चांगला फ्यूज?"

त्याने पुन्हा खिसा थोपटला. "हा काय. कुणाला कळणार आहे?"

तुझ्या डोक्यात मेंदूच्या जागी ग्रीस भरलंय, असं मी त्याला सांगितलं. पण त्याला थांबवलं मात्र नाही. ताईच्या वाट्याला एखादं सोपं काम यावं, असं मलाही वाटत होतं.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. आमच्या गॅरेजात इंजिन, ब्रेक, क्लच असलं सगळं नवरा बघतो आणि गाडीत जिथून जिथून वीज फिरते तिथलं सगळं ताई. मी काउंटर सांभाळते, फोन घेते आणि दोघांची भांडणं सोडवते. गॅरेज बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. आता त्यांचे गुडघे गेलेत, त्यामुळे दारातल्या खुर्चीत बसून ते सगळ्यांच्या चुका काढतात. लग्न होऊन आले तेव्हा मी ताईला अहो-जाहो करायचे. एक दिवस तिने डॅशबोर्डखालून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाली, "हे बघ, तू एवढ्या मानाने बोलत राहिलीस तर तुझं वाक्य संपेपर्यंत गाडी पेटेल. सरळ तू म्हण." तेव्हापासून मी तिला तू म्हणते आणि आमचं एकमेकींशी जेवढं जमतं तेवढं माझं नवऱ्याशीही जमत नाही.

ताईचं सगळं काम कानावर चालायचं. किल्ली फिरवली की ती डोळे मिटून उभी राहायची. रिले टिक करतो का, मोटर नुसतीच घुरघुरते का, पंप दम खातो का, हे ऐकायची आणि नेमकं दुखणं सांगायची. गिऱ्हाइकं तिला कानवाली म्हणत. ती शिकत होती तेव्हा बाबांनी स्वतः तिला एक बझर बनवून दिला होता. छोटी लाकडी डबी, तिला दोन लांबलचक वायरी. फ्यूजच्या जागी त्या जोडायच्या आणि गाडीभर वायरिंग हलवत फिरायचं. उघडी पडलेली तार कुठे पत्र्याला लागत असेल तर तिथे हात गेला की बझर ओरडायचा. ती डबी ताई दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

मग तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी हात टेकले.

बरी झाल्यावर ती कामावर आली, तो पहिला दिवस मी विसरलेले नाही. एका टेम्पोच्या वायरिंगमध्ये शॉर्ट होता. ताईने सवयीने बझर जोडला आणि टेम्पोखाली शिरली. बझर ओरडायला लागला. ती पुढच्या वायरीकडे गेली. बझर ओरडतच राहिला, ती तिसऱ्या वायरीकडे गेली. गॅरेजातलं सगळं काम थांबलं. आम्ही नुसते बघत राहिलो आणि कुणाला काही सुचेना. ती बाहेर आली, आमचे चेहरे पाहिले, मग त्या डबीकडे पाहिलं. डबीवर हात ठेवल्यावर तिला आतली थरथर जाणवली, तेव्हा तिला कळलं. त्या दिवशी तिने बझर खणात टाकला आणि खण बंद केला.

संध्याकाळी बाबांनी निकाल दिला. ते काही दुष्ट नाहीत, पण त्यांचं बोलणं रोखठोक असतं. "गाडीत माणसं बसतात," ते म्हणाले. "या आठवड्यात तिने एक काम एकटीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवावं. मी मध्ये बोलणार नाही. नाही जमलं तर पलीकडच्या रस्त्यावरचा वायरमन सोमवारपासून आपल्याकडे येईल. ताई काउंटर बघेल."

काउंटर मी बघते. दोन बायका एका काउंटरवर बसून काय करणार, पेनांची टोपणं लावणार? मी हे बोलूनही दाखवलं, पण माझा राग काउंटरसाठी नव्हता. ताई रात्री भांडी पुसता पुसता मला म्हणाली होती, "मला दुसरं काही येत नाही गं. आणि यायला नकोही आहे." तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते वाक्य घरभर ऐकू गेलं. बाबांनीही ऐकलं असणार. 

तर तो आठवडा त्या दिवशी संपत होता, आणि आठवड्याभरात विजेचं एकही काम आलं नव्हतं. म्हणून नवऱ्याच्या डोक्यातून ही युक्ती निघाली होती.

ताई आली. नवऱ्याने तिला हात धरून गाडीच्या मागे नेलं. तिला ओठांवरून थोडंफार कळतं, पण तंतोतंत सांगायचं असेल तर आम्ही धुळीने भरलेल्या काचेवर बोटाने लिहितो. गॅरेजात धुळकट काचांना तोटा नाही. मास्तरांच्या गाडीच्या मागच्या काचेवर नवऱ्याने लिहिलं, 'मागचा वायपर बंद.' ताईने मान हलवली. बाबांनी खुर्ची जरा वळवून घेतली.

ताईने आधी किल्ली फिरवून वायपरचं बटण दाबलं. मागे येऊन काचेवर तळहात ठेवला. मोटर नुसतीही थरथरत नव्हती. मग ती स्टिअरिंगखालची फ्यूजची पेटी उघडून वाकली आणि छोट्या चिमट्याने तो फ्यूज बाहेर काढला. नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. ताईने नवा फ्यूज लावला, बटण दाबलं, वायपर सर्रकन फिरला.

"चालला?" बाबांनी विचारलं.

"चालला की," नवरा म्हणाला आणि टाळीच द्यायची बाकी ठेवली.

ताई मात्र हसली नाही. तिने जळका फ्यूज उजेडात धरला, फिरवला, पुन्हा धरला. मग तिने आत जाऊन नवा फ्यूजही काढून घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, "ही गाडी मी आज देणार नाही."

बाबा म्हणाले, "अगं, चालतोय ना?"

तिने त्यांच्या ओठांवरून ते ओळखलं. फ्यूज त्यांच्यासमोर धरून ती म्हणाली, "मोटर अडली, जोर पडला, तर आतली तार नुसती वितळून तुटते. पण हा बघा, आतून काळा पडलाय. तार उडालीय, शिंतोडे बसलेत. कुठेतरी उघडी तार थेट पत्र्याला लागल्याशिवाय असा जळत नाही. नवा घातला, आत्ता चालला. उद्या डिकीचं दार आपटल्यावर पुन्हा लागली तर? गाडीत शिकाऊ मंडळी बसतात. धूर निघाला तर त्यांना गाडी थांबवताही यायची नाही."

मला तिचा इतका अभिमान वाटला की दोन क्षण मी विसरूनच गेले, तो फ्यूज कुठून आलाय ते. आठवलं तेव्हा मी नवऱ्याला टायरांच्या ढिगामागे ओढलं.

"तुला साधा जळका फ्यूज मिळाला नाही?"

त्याचा चेहरा पडला होता. "मला काय माहीत जळक्यातही जाती असतात. गाड्या धुतो तिथल्या फळीवर जळक्या फ्यूजचा डबा आहे ना, त्यातला हाताला लागला तो घेतला. फ्यूजवरचा आकडा मात्र बरोबर बघितला होता."

"मग आता ती काय शोधणार?"

 मीच उत्तर दिलं. जो शॉर्ट त्या गाडीत नाहीच, तो ती शोधणार होती, आणि सापडेपर्यंत सोडणार नव्हती, कारण अर्धवट काम सोडणं तिच्या रक्तात नाही. भावाने सोपं म्हणून दिलेलं काम जगात कुणालाच न जमणारं निघालं होतं.

"जाऊन सांग तिला," मी म्हटलं.

"बाबांसमोर? तिला काय वाटेल? की आम्ही तिची कीव करतो?"

"मग करतोस काय तू दुसरं?"

 सांगितलं तर ती मोडणार, नाही सांगितलं तर हरणार. आम्ही दोघंही मूग गिळून बसलो.

ताईने खण उघडला. बझरकडे थोडा वेळ पाहिलं, खण लावून टाकला. मग तिने हेडलाइटचा एक जुना बल्ब घेतला, त्याला दोन लांब वायरी डाख देऊन जोडल्या आणि त्या फ्यूजच्या जागी लावल्या. बल्ब खिडकीतून बाहेर काढून गाडीच्या छतावर, डिकीच्या बाजूला चिकटपट्टीने बसवला. मी जवळ जाऊन नुसत्या डोळ्यांनी विचारलं, हे काय?

"बझर ओरडला असता तिथे हा पेटेल," ती म्हणाली. "मोटरचा जोड काढून ठेवलाय. आता या वायरीत वीज जायला वाटच नाही. तरी बल्ब पेटला तर समजायचं की वीज चोरवाटेने पत्र्यात जातेय. मी मागे काम करत असले तरी मला दिसेल."

कानाचं काम तिने डोळ्यांवर टाकलं होतं. आजारी असताना अंथरुणात पडल्या पडल्या तिने हे ठरवून ठेवलं असणार, कारण तिचे हात कुठेही अडखळले नाहीत. मी काउंटरवर परत आले खरी, पण त्या दिवशी मी किती फोन चुकीच्या माणसांना लावले ते विचारू नका.

तिने आधी डिकीच्या दाराचं आतलं आवरण काढलं, एकही प्लास्टिकची खुंटी न तोडता. गाडीच्या अंगातून दारात जिथे वायरी जातात तिथे एक रबरी नळी असते. दार उघडताना, मिटताना तिथल्याच वायरी वाकतात आणि बहुतेक वेळा तिथेच तुटतात. ताईने ती नळी सोलल्यासारखी मागे सारली आणि एकेक वायर बोटांत धरून, नखाने चाचपून पाहिली. दार उघडलं, मिटलं, अर्धं उघडं ठेवून हलवलं. नजर बल्बवर. बल्ब विझलेला. मग मागच्या सीटखालचं गालिच्यासारखं आच्छादन उचललं, दाराच्या कडेने जाणारी वायरिंग मोकळी करून ताणून पाहिली. बल्ब विझलेला. शेवटी पाण्याची नळी आणून सगळ्या दारावर पाणी सोडलं, कारण काही शॉर्ट ओलं झाल्याशिवाय तोंड दाखवत नाहीत. सगळीकडून पाणी निथळलं. बल्ब काही पेटला नाही.

दुपारी मास्तर आले. ते ड्रायव्हिंग शिकवतात, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट सांगण्याची सवय आहे. ताईला ऐकू येत नाही हे कळल्यापासून तर ते तिच्यासमोर ओरडूनच बोलतात, आणि त्याने फक्त आमचे कान किटतात.

"गाडी संध्याकाळी पाहिजे," ते ओरडले. "उद्या सकाळी तपासणी आहे."

ताईने विचारलं, "मास्तर, मागचा वायपर शेवटचा कधी चालवला होता?"

मास्तर घुटमळले. मी काउंटरवरून त्यांच्या ओठांकडे बघत होते, माझा जीव टांगणीला. ते म्हणाले, "मागचा? तो कोण चालवतो? पाऊस कुठे पडलाय इतक्यात?" रोज दुसऱ्यांना मागे बघा, मागे बघा म्हणून सांगणाऱ्या माणसाने आपली मागची काच कधी पुसली नव्हती. तिकडूनही ताईला काही धागा मिळाला नाही. मास्तर संध्याकाळी येतो म्हणून गेले.

दुपार कलली. गाडीचा मागचा अर्धा भाग उघडा पडला होता. ताईने मोटर परत जोडली, मीटर लावला आणि वायपर चालवून बघायला सुरुवात केली. कोरड्या काचेवर, ओल्या काचेवर, पातं हाताने दाबून धरून. दर खेपेला मीटरचा आकडा बघायची आणि मान हलवायची. तिच्या कपाळावर आठी बसली होती. एकदा ती गाडीला टेकून नुसती उभी राहिली आणि तिने तळहात कानांवर दाबले. ते बघून मला रडू यायला लागलं.

बाबाही ते बघत होते. त्यांनी इतका वेळ शब्द पाळला होता. आता ते मला म्हणाले, "तिचा स्वतःवरचा विश्वास उडालाय. चालणारी गाडी सोडवत नाही तिला. त्या वायरमनचा नंबर लाव." त्यांचा आवाज कोरडा होता, पण डोळे माझ्याकडे नव्हते, दुसरीकडेच होते.

मी नंबर शोधायचं नाटक करत नवऱ्याकडे पाहिलं. तो एका कार्ब्युरेटरवर असा वाकला होता की जणू त्यात त्याचं बालपण हरवलंय. शेपूट घालणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पुरतं पाहिलं. माझं डोकं फिरलं. ताई मोडली तर मोडू दे, मी म्हटलं, पण न केलेल्या चुकीसाठी ती हरायला नको. मी काउंटर सोडला आणि सरळ मास्तरांच्या गाडीमागे गेले. पाणी सुकून काच पुन्हा धुरकट झाली होती, आणि वर गॅरेजची धूळ बसली होती. ताई पुढे ड्रायव्हरच्या जागी बसून मीटर बघत होती. मी बोटाने मोठ्या अक्षरांत लिहायला लागले.

'ताई, फ्यूज ह्या'

एवढंच लिहून झालं होतं. पुढच्या आरशात तिचे डोळे मला दिसले. ती वाचत होती. आणि काचेवर खालून पाण्याची चिळकांडी उडाली, वायपर सर्रकन आला आणि माझी सगळी अक्षरं पुसून घेऊन गेला. पुन्हा आला, उरलेली धूळही घेऊन गेला. मी ओलं बोट तसंच हवेत धरून उभी राहिले.

ती उतरून मागे आली. आवाज खाली ठेवायचा तिने प्रयत्न केला, तरी तो मोठाच आला. "तुला काहीतरी माहीत आहे. दिवसभर तुझा चेहरा बघतेय मी, त्याचाही. पण सांगू नकोस. माझं मला शोधू दे. आज कुणी सांगून मला कळलं, तर उद्या कोण सांगणार आहे?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला गप्प बस म्हटलं आणि मला राग आला नाही.

ती खाली सिमेंटवर बसली, गाडीला पाठ लावून. हात मांडीवर. तिने डोळे मिटले, पूर्वी ऐकताना मिटायची तसे. बऱ्याच वेळाने उघडले आणि स्वतःशीच बोलावं तसं बोलायला लागली, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. "वायर चांगली आहे. दार चांगलं आहे. मोटर चांगली आहे. बटण चांगलं आहे. पाण्याचा पंपही त्याच फ्यूजवर आहे, तोही चांगला आहे. मी सगळं बघितलंय आणि नीट बघितलंय." हे शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली. "मग राहिलं काय?"

राहिला होता तो जळका फ्यूज. तिने तो खिशातून काढला. सकाळपासून तिने त्याचं पोट पाहिलं होतं, आता ती त्याचे पाय बघायला लागली. मग उठून पुढे गेली, पेटीतून त्याच्या शेजारचे दोन फ्यूज काढले आणि तिन्ही तळहातावर ओळीने ठेवून उजेडात आली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. शेजारच्यांचे पाय कोरडे, लखलखीत, पेटीच्या पकडीचा घासल्याचा माग प्रत्येकावर. या तिसऱ्याचे पाय हिरवट पडलेले, ओलीत राहिलेल्या तांब्याचे पडतात तसे. म्हणजे तो या कोरड्या पेटीतला नव्हताच.

ताईने गॅरेजच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिकडे गाड्या धुण्याची जागा, आणि तिथल्या फळीवर तो डबा. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी लगेच छताकडे बघितलं. शेवटी तिची नजर कार्ब्युरेटरवर वाकलेल्या पाठीवर गेली.

ती चालत त्याच्यापर्यंत गेली आणि उजवा तळहात त्याच्यासमोर पसरून उभी राहिली.  तो कार्ब्युरेटर पुसत राहिला. तिने हात हलवला नाही. शेवटी त्याने वर पाहिलं, वरच्या खिशात दोन बोटं घातली आणि मास्तरांच्या गाडीचा चांगला फ्यूज तिच्या तळहातावर ठेवला. बाबा खुर्चीतून उठले होते. गुडघ्यांची तक्रार न करता उठलेलं मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"एवढीच उरले का मी तुझ्या लेखी?" ताई म्हणाली. "एका फ्यूजएवढी?"

"ताई, मला वाटलं..."

"तोंड इकडे करून बोल. मला दिसत नाही."

त्याने तोंड वर केलं. डोळ्यांत पाणी होतं. "मला वाटलं, तुझी जागा जाऊ नये."

ताईच्या चेहऱ्यावरचा राग तसाच होता, पण तिने त्याच्या गालाला लागलेलं ग्रीस अंगठ्याने पुसलं. पुसलं म्हणजे खरं तर आणखी पसरवलं. "माझा दिवस वाया घालवलास, गाढवा," ती म्हणाली. मग बाबांकडे वळून स्पष्ट, एकेक शब्द सुटा करत बोलली. "बाबा, या गाडीत बिघाड नाही. कुठेच नाही. हे मी लिहून देते आणि गाडी आत्ता देते."

मला त्या क्षणी वाटलेलं इथे सांगूनच टाकते. बिघाड शोधणारे पुष्कळ असतात. दिवसभर शोधून, सगळ्यांची घाई, सगळ्यांची शंका अंगावर घेऊन, आणि आपले कान गेलेत हे स्वतःला माहीत असताना, बिघाड नाही असं छातीठोकपणे सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. ती पडू देणार नाही म्हणून मी नुसतीच नाक पुसत उभी राहिले.

बाबा मला म्हणाले, "तो नंबर लावलास का?"

"सापडत नव्हता," मी म्हटलं.

"शोधू नकोस."

ताईने मूळचा फ्यूज त्याच्या जागी बसवला, आवरणं चढवली, सगळ्या खुंट्या जागच्या जागी. मास्तर आले तेव्हा मागचा वायपर चकचकीत काचेवरून फिरत होता. "काय झालं होतं?" त्यांनी ओरडून विचारलं. ताई म्हणाली, "काही नाही. आमच्याकडचंच एक दुखणं होतं, ते बरं झालं." मास्तरांनी आम्हाला मागे काय काय बघायचं यावर थोडी शिकवण दिली आणि ते गेले.

हात धुताना ताईने भावाला सांगितलं, "आता सुरुवात केलीच आहेस तर पुढेही कर. आपल्या जुन्या व्हॅनमध्ये रोज एक बिघाड करून ठेवायचा. खरा बिघाड. अवघड. मला सांगायचं नाही, चेहरा वाकडा करायचा नाही, आणि पुन्हा सोपा केलास तर तुझे सगळे पान्हे विहिरीत टाकीन." त्याने मान हलवली. त्या रात्री तो जेवताना मध्येच थांबून भिंतीकडे बघत होता. त्याला इंजिनाबाहेरचा विचार करावा लागत होता आणि तो कष्टाने करत होता, हे बघून मला फार बरं वाटलं. जेवण उरकून तो गॅरेजात जाऊन व्हॅनमध्ये बिघाड करून आला.

सकाळी आम्ही पोचलो तर शटर आधीच वर होतं. बाबा ताईच्या टेबलाशी बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर, हातात डाख लावायची कांडी. समोर त्यांनीच बनवलेली ती लाकडी डबी उघडी पडली होती. आतला बझर काढून त्यांनी बाजूला ठेवला होता आणि त्या जागी एक मोठा लाल दिवा बसवला होता. वायरी जुन्याच ठेवल्या होत्या, फक्त आणखी लांब केल्या होत्या. त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे डाख जरा ओबडधोबड झाला होता. ताई ते बघत दारातच थांबली.

बाबांनी झाकण लावलं, चारही स्क्रू कसले आणि डबी तिच्या हातात दिली. तोंड तिच्याकडे करून, सावकाश म्हणाले, "टेम्पोच्या दिवशीच करायला हवं होतं."

ताईने डबी छातीशी धरली आणि ती व्हॅनकडे गेली. मी काउंटरवर बसले. नवरा माझ्या शेजारी उभा राहून चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करत होता, आणि तो त्याला अजिबात जमत नव्हता. ताई व्हॅनखाली गेली, बाहेर आली, मागच्या दाराशी गेली. बाबा खुर्चीत बसले नव्हते, खुर्चीची पाठ धरून उभे होते. गॅरेजात कुणी हातोडी उचलली नाही.

मग व्हॅनच्या छतावर ठेवलेल्या डबीतला लाल दिवा पेटला, आणि ताईचा आवाज आला, नेहमीसारखा नको तेवढा मोठा.

"सापडला."